खाटेच्या पायथ्याशी

"दुपारी ती बाई ज्या पोराच्या खाटेवर येऊन बसते ना, ते पोर..."

आणि लिफ्टचं दार लागलं. आतल्या इस्पितळाच्या दोघी आयाबाई वर गेल्या, सगुणाकाकू डबा धरून खालीच राहिल्या. कोपर स्टेशनजवळच्या अख्ख्या बिल्डिंगमधली खबर ज्यांना दाराच्या फटीतून कळायची, त्यांना नेमकं पुढचं वाक्य कळू नये.

ठाण्याच्या त्या इस्पितळात काकू शेजारच्या समीक्षाच्या लेकीसाठी, प्राप्तीसाठी, मऊ भात घेऊन आल्या होत्या. नऊ वर्षांची पोर, जन्मापासून रक्त न गोठण्याचा आजार. पोटात कळ आली तेव्हा वायगोळा समजून काकूंनीच बेंबीला हिंग लावला, गरम पिशवीने शेकलं, अर्धा दिवस घालवला. निघालं अपेंडिक्स. रक्त गोठायची इंजेक्शनं देऊन परवा ऑपरेशन झालं. ती इंजेक्शनं अजून दर आठ तासांनी चालूच होती. समीक्षाने एका शब्दाने टोचलं नव्हतं, तेच काकूंना जास्त लागत होतं.

समीक्षा जेवायला खाली गेली. काकू स्टुलावर टेकल्या. पंख्याची घरघर थांबली. स्पिरिटच्या वासात ओल्या, न वाळलेल्या कापडाचा वास मिसळला... आणि झोपलेल्या प्राप्तीच्या पायथ्याशी एक बाई बसलेली दिसली. विटकी साडी, मान खाली. हात पोरीच्या पोटावर.

"अहो... हात नका लावू..." काकू स्टुलावरून अर्धवट उठल्या.

"ओलं आहे..." ती हळूच म्हणाली. "खालून बघ."

काकूंनी चादर उचलली. पट्टी वरून कोरडी. कुशीखालची गादी मात्र लाल झालेली.

त्यांच्या हाकेने सिस्टर धावल्या, डॉक्टर आले. जादा डोस दिला, टाके पुन्हा घातले, तेव्हा कुठे रक्त थांबलं. अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, म्हणाले. पायथ्याशी तोवर कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी सुट्टी मिळाली. समीक्षा काकूंच्या पाया पडली. काकूंना रडू आवरेना. आपण पडावं ते त्या बाईच्या, पण तिला शोधायचं कुठे? जाता जाता त्यांनी लिफ्टमधल्या त्या आयाबाईला गाठून वाक्य पुरं करून घेतलं. ती बसली की रक्त वाहतं, आणि ते पोर घरी जात नाही, म्हणे.

"रक्ताचं खरं गं बाई," काकू म्हणाल्या. "पण आमची चालली बघ घरी."

मग वॉर्डच्या दाराशी त्यांचे पाय थबकले. समोरच्या खाटेवर एक चिमुरडी खिदळत खेळत होती. पायथ्याशी विटकी साडी... मान खाली.

काकूंनी सिस्टरचा हात घट्ट धरला. "त्या पोरीची पट्टी एकदा बघता का?"

सिस्टर हसली. "कसली पट्टी, काकू? तिचं ऑपरेशन उद्या आहे."