दिवसा सांगितलेली गोष्ट

१९८८च्या उन्हाळ्यात खामगावच्या बसस्टँडमागे उकंडरावने व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. तीन यंत्रं होती: मोटारींची शर्यत, विमानांची लढाई आणि भुलभुलय्या. आमच्या दैनिकासाठी मी बातमी घ्यायला गेलो, तेव्हा पहिल्या दोन यंत्रांपुढे रांग होती. तिथे गोष्ट लागत नव्हती. पुढची मोटार गाठायची, समोरचं विमान पाडायचं. भुलभुलय्यातल्या बोटभर माणसासाठी मात्र कुणी थांबत नव्हतं.

उकंडरावच्या बायकोने, कोकिळाने, त्या माणसाला गोष्ट दिली.

"हा माह्या पोराईचा मामा, पंजाबराव. बहिणीकडे याले निघाला, वाट सापडत नाही. दाखवा त्याले."

मग भर दुपारी त्या यंत्राभोवती गर्दी होऊ लागली. मामा भिंतीला धडकला की माणसं हळहळत.

तिची सासू तानुबाई वैतागली. "दिवसा गोष्ट सांगू नये वं. मामा वाट चुकते."

"एसटीनं येते तो, आत्याबाई. डायवर काय माही गोष्ट आयकते?"

सोमवारी पंजाबराव आपल्या गावाहून, धामणगाव बढ्याहून, बहिणीकडे निघाला. पोहोचला नाही.

मी चौकशी केली. कंडक्टरने त्याला साडेअकराला स्टँडवर उतरवलं होतं. पानवाल्याने त्याला रस्ता सांगितला होता. मंगळवारी पुन्हा, बुधवारी पुन्हा.

"दुकान इथून दिसते, साहेब. मी बोट दाखवलं. हो म्हणे, अन् भलतीकडेच वळला."

कोकिळाने गोष्ट बंद केली. फरक पडला नाही.

"अर्धी सोडू नको," तानुबाई म्हणाली. "त्याले घरी ने."

शनिवारी दुपारी कोकिळा यंत्रासमोर उभी राहिली. "मामा आपल्या घरी पोहोचला," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

रविवारी पंजाबरावच्या बायकोचा, आशाबाईचा, निरोप आला: काल दुपारी आले.

मी कोकिळासोबत धामणगावला गेलो. आशाबाई अंगणातच बसली होती.

"जेवले. पण तवापासून टेकले नाहीत."

घर एका खोलीचं होतं. पंजाबराव भिंतीला हात लावून फिरत होता. फरशीवर त्याच्या टाचांचं रक्त होतं.

"दादा, मी आली."

तो हसला. आवाजाच्या दिशेने आला, उंबरठ्यापाशी थांबला. ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

"कोकिळे, दरवाजा कुठी हाय वं?"

"तुह्या पुढंच हाय, दादा."

त्याने दोन्ही हात पुढे केले. चौकटीतल्या मोकळ्या हवेवर त्याचे तळवे सपाट दबले, आणि बोटांची टोकं पांढरी झाली.