आजीच्या गाडीची बॅटरी

“बॉनेट हळू उघड! मामा उठेल ना!” ताई दबक्या आवाजात खेकसली.

“मामाच्या कानाशी ढोल बडवला तरी तो उठायचा नाही!” गोट्या म्हणाला.

सुट्टीला मामाकडे आलेल्या या भावंडांच्या हातात एवढी दुपारच होती. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन आजीची जुनी गाडी घेऊन जाणार होतं. महिनाभर सकाळ झाली की बॅटरी डाऊन! “आई दिवे चालू ठेवून विसरते,” म्हणत मामाने तिच्याकडून किल्ली काढून घेतली होती आणि गाडी विकायला काढली होती. मुलांनीही ‘विसराळू आजी’ म्हणून तिला भरपूर चिडवलं होतं. पण काल किल्ली मामाच्या खिशात होती, गाडी जागची हलली नव्हती, तरी आज बॅटरी पुन्हा ठप्प! आत्ताच ती गॅरेजमधून पुन्हा चार्ज होऊन आली होती.

गॅरेजवाल्याला विचारून घेतलेल्या युक्तीप्रमाणे ताईने बॅटरीची काळी वायर सोडवली आणि बॅटरी व त्या वायरच्या मध्ये स्कूटरचा जुना बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद, तरी बल्ब लागला!

“कोणीतरी गुपचूप वीज पितंय! गोट्या, एकेक फ्यूज काढ. बल्ब विझला की चोर सापडला!”

दिव्यांचा फ्यूज निघाला, हॉर्नचा निघाला, सगळे निघाले. बल्ब आपला चालूच!

“म्हणजे चोर फ्यूजच्या वाटेने येतच नाही!” ताई वाकली. थेट बॅटरीला गुंडाळलेली एक लाल वायर सीटखाली गेली होती, मामाने महिन्यापूर्वी हौसेने स्वतः बसवलेल्या स्पीकरच्या डब्याकडे. तिने वायर सोडवली. बल्ब विझला!

“मामाऽऽ!”

मामा डोळे चोळत आला. त्याने स्वतः वायर लावून पाहिली, काढून पाहिली. त्याचा चेहरा पडला. “शाबास पोरांनो! चूक माझी, आणि बोल मात्र आईला लावला.” त्याने लगेच फोन करून गिऱ्हाइकाला गाडी विकायची नाही म्हणून कळवलं.

आजी दारात उभी होती. तिने दोघांच्या पाठीवर हात फिरवला. “हुशार आहात रे! पण एकदा तरी मला विचारायचं होतं. मी रोज दिवे बंद करत होते. तुम्ही सगळे इतक्या खात्रीने बोलायचात, की मलाच माझा भरवसा वाटेना.”

गोट्याला रडू आलं. शाबासकी मिळूनही ताईची मान वर होईना.

मामाने किल्ली पुढे केली. आजीने ती घेतली नाही.

“आज तूच चालव,” ती म्हणाली. “मला जरा वेळ लागेल.”