रेघेखालची पानं

"तीन कागद आहेत! आणि तू वाचलंस ते एका पानात संपलं?" सासूबाईंनी पत्र हिसकावून घेतलं आणि अंगठ्यानं पानं पुन्हा मोजली... उभी हयात बाइंडिंगच्या कारखान्यात पानं मोजण्यात गेलेली. डोळे गेले तरी अंगठा काही फसत नव्हता. "थोरला देवानं नेला, धाकटा लढाईवर! त्याचे चार शब्द येतात, तेही तू चोरतेस?"

थोरल्याची ती विधवा मान खाली घालून उभी राहिली. सात महिने हेच चाललं होतं! पत्र आलं की पहिल्या पानावरची खुशाली ती हसत हसत वाचायची आणि दिरानं पेन्सिलीनं ओढलेल्या आडव्या रेघेपाशी थांबायची. रेघेखालचं फक्त तिच्यासाठी असे. ते ती मोरीत, नळ सोडून वाचायची, आणि मग दिवसभर व्याकूळ मन कशातच लागायचं नाही. दूध उतू जायचं, दार वाजलं की हातातलं भांडं सुटायचं... वर सासूबाईंची बोलणी होतीच.

"शिंपीकाकांना बोलाव. आजपासून पत्रं ते वाचतील. आणि या घरात तुझं मन रमत नसेल, तर माहेरची वाट मोकळी आहे तुला!"

"आई, बाकी काहीही सांगा... पण एवढं नको हो!"

सासूबाईंनी स्वतःच खिडकीतून हाक मारली. शेजारचे शिंपीकाका आले, गळ्यातली टेप तशीच लोंबत. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं, रेघ ओलांडली आणि पुढचं हळू आवाजात वाचू लागले.

"...वहिनी, काल माझ्या शेजारचा जवान गेला. माझ्या मांडीवर गेला. हात थरथरतात, घास उतरत नाही. कुणाला तरी सांगितलं नाही तर वेडा होईन गं! आईला कळू देऊ नकोस. तिनं विचारलं तर वाईटपणा तू घे. माझ्यासाठी एवढं कर..."

काका पत्र ठेवून निघून गेले. सासूबाईंनी चाचपडत सुनेचा चेहरा शोधला.

"सात महिने माझे टोमणे खात राहिलीस, पोरी! एकदा तरी बोलायचंस!"

"भावजींना शब्द दिला होता..." आणि इतके दिवस दाबून धरलेला हुंदका अखेर फुटलाच!

मग सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"कागद घे. मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. घाबरायला त्याला एक तरी जागा हवी, ती तू आहेस. फक्त यापुढे मला सगळं वाच. रडायचं ते दोघी रडू."

सून लिहायला बसली. तिला अगदी खेटून बसत सासूबाई खणखणीत आवाजात सांगू लागल्या, "बाळा, अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. झोप छान लागते. तुझी मला मुळीच काळजी वाटत नाही..."

कागद कोराच होता.

"आई," सून हळूच म्हणाली, "माझा हात सोडा ना... लिहू कशी?"