दादाने हलकी केलेली सॅक

भूकंपानंतर चौथ्या दिवशी कळलं, की वरच्या खोऱ्यात डोंगर ढासळून नदी अडली आहे आणि ढिगाऱ्यामागे पाणी साठत चाललं आहे. हा आपोआप झालेला बांध कधी ओसंडेल? माथ्यापासून पाणी किती खाली आहे आणि तासाला किती चढतं, एवढे दोन आकडे हवे होते. खालच्या गावातल्या चारशे माणसांनी घरं सोडायची की नाही, हे त्यावर ठरणार होतं.

म्हणून पहाटे तिघं निघाली. एक मोजणीदार, दुसरी त्याची धाकटी बहीण, गावच्या दवाखान्यातली नर्स. तिसरा एक म्हातारा मेंढपाळ. त्या डोंगराचा दगड न् दगड तो ओळखायचा आणि सगळं गाव त्याला मामा म्हणायचं.

सॅक नर्सने भरली होती. भूकंपात ती दवाखान्यातून धावत बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात फक्त थर्मामीटर होता. ती गोष्ट तिला इतकी लागली होती, की या वेळी यादी करून, एकेका वस्तूवर खूण करत तिने दोन तास सॅक भरली.

डोंगराच्या मध्यावर पाऊस आला. तिने सॅक उघडली.

"दादा, ताडपत्री कुठाय?"

"काढली. सकाळी पाऊस नव्हता."

"आता आहे."

"आता आहे, हो." तो मान खाली घालून चालत राहिला. "अगं, केवढी जड होती ती! यंत्राची तिपाई मावेना. म्हणून जरा आवरली."

"आणखी काय आवरलंस?"

त्याने ऐकू न आल्याचं सोंग केलं. मामा मिशीत हसला. नर्सने दात आवळले आणि भिजत चढू लागली. लहानपणी याच माणसाने तिच्या दप्तरातली निम्मी पुस्तकं काढून पतंग भरले होते. चाळिशी उलटली तरी खोड गेली नव्हती!

डोंगराच्या धारेखालची, सुट्या दगडांच्या घसाऱ्याची उतरण आडवी ओलांडताना जमीन हलली. आधी पायांखाली गुरगुर झाली. मग वरून खडे आले. मग दगड!

"धारेकडे पळा," मामा ओरडला.

ती दोघं पळाली. मामाचा पाय अडकला. एक धोंडा आला, त्याच्या नडगीवर आदळला आणि पुढे निघून गेला. धूळ बसल्यावर दोघांनी त्याला काखेत धरून धारेवरच्या कातळाआड नेलं. हाड मोडलेलं स्पष्ट दिसत होतं.

दुखण्याच्या गोळ्या आणि पट्ट्या जागेवर होत्या. त्यांचं वजन नसल्यामुळेच त्या वाचल्या असाव्यात. पायाला बांधायच्या फळ्या मात्र गायब. तिने भावाकडे पाहिलं, मग तिपाईकडे.

"नाही," तो म्हणाला. "अगं, ती सागवानी आहे."

"तिचे दोन पाय काढ."

त्याने काढले. एकेक स्क्रू फिरवताना त्याचा चेहरा असा झाला, जणू पाय त्याचाच मोडला होता. तिपाईशिवाय यंत्राचा उपयोग नव्हता. ते कातळाखाली ठेवून तो नुसती मोजपट्टी घेऊन बांधाकडे गेला.

तासाभरात धुकं उतरलं. हात पुढे केला तरी बोटं दिसेनात. दरड कुठे, वाट कुठे, काही कळेना. नर्सने शिट्टीसाठी सॅक उपसली. शिट्टी नव्हती! तळहाताएवढी वस्तू, तिचं काय वजन होतं? तिने रिकामा डबा घेतला आणि दगडाने बडवायला लागली. बडवताना भावाला ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून मामा आपलं दुखणं विसरला.

"पोरी, जरा दमाने. डबा फुटेल."

"फुटू दे."

अखेर धुक्यातून खोकला ऐकू आला. आवाजाच्या अंदाजाने दादा अक्षरशः रांगत आला होता.

"पाणी माथ्यापासून आठ हात खाली," तो धापा टाकत म्हणाला. "तासात हातभर चढलं. संध्याकाळी ओसंडणार. वॉकीटॉकी दे, खाली कळवतो."

तिने बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि विझला.

जास्तीच्या बॅटऱ्या कुठे आहेत, हे तिने विचारलंच नाही. त्याचं तोंडच सांगत होतं.

"मी पळतो," तो म्हणाला.

"धार सोडू नकोस. स्ट्रेचर आणि चार माणसं पाठव. आम्ही इथे पाण्याच्या वर आहोत, आमची काळजी करू नकोस."

तो गेला. ती मामाला टेकून बसली, दर थोड्या वेळाने त्याच्या पायाची बोटं चाचपत, ती गरम आहेत ना हे बघत. दुपारी धुकं फाटलं. मामाने खाली बोट दाखवलं. गावातून माणसांची रांग शाळेच्या टेकडीकडे चढत होती. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर मूल. नर्सला पहिल्यांदाच रडू आलं.

चार वाजता स्ट्रेचर आलं. मामाला घेऊन सगळी धारेवरून उतरत असतानाच बांध फुटला. नदीकाठची सव्वीस घरं वाहून गेली. माणूस एकही गेला नाही.

शाळेच्या एका वर्गात दादा बाकावर बसला होता. ओल्या बुटांत दोन तास पळून त्याच्या तळव्यांची सालटं निघाली होती. नर्स खाली बसून त्याचे तळवे धुऊ लागली.

"चुकलं गं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी सॅक तूच भर."

तिने पट्टीची गाठ जरा जोरातच आवळली.

"या वेळीही मीच भरली होती."