आशीर्वादाला उत्तर

“आशीर्वाद आला की उत्तर द्यायचं. तोंड फिरवायचं नाही!” आमाचं हे सांगणं युए-लिंगला लहानपणापासून पाठ होतं. पण आमाचा फोन त्याच सांगण्यापायी गोत्यात येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं!

सुट्टीसाठी ती आणि धाकटा भाऊ पो-हान तैपेईहून आमाकडे, म्हणजे आजीकडे आले होते. आज आ-शेंगकाका बिल नाचवतच घरात शिरला.

“आमाच्या फोनवर खेळ कुणी विकत घेतले? पो-हान, तूच ना!”

“मी हातसुद्धा लावला नाही!” पो-हानचे डोळे डबडबले.

“बिल केवढं फुगलंय! उद्या दुपारी हा फोन बंद म्हणजे बंद!”

आमानं फोन छातीशी धरला. तिची जिवाभावाची मैत्रीण सू-चिन आता लेकाकडे फंगहू बेटावर राहायची. रोज पहाटे दोघी फोनवर एकमेकींना कमळाचं चित्र धाडत. चित्र आलं की समजायचं, मैत्रीण सुखरूप उठली. आता कसं समजणार?

संध्याकाळी युए-लिंग समुद्रदेवी माझूमातेच्या देवळात गेली आणि मनातल्या मनात म्हणाली, ‘आमाचा फोन वाचू दे. सुट्टी संपेपर्यंत रोज पहाटे तुझं अंगण झाडीन.’

बाहेर शेजारचा चुन-वेई शेंगदाण्याची वडी चघळत उभा होता. “देवीला सांगून झालं? आता आपण कामाला लागू! मी बिल पाहिलं. सगळे पैसे पहाटे लागलेत.”

“पहाटे? अरे, पो-हानला उठवायला ढोल बडवावा लागतो!”

“ए ताई!” पो-हान फुरंगटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं दाराआड दबा धरून बसले. आमा उठली. तिनं कमळ पाठवलं. तेवढ्यात टिंग! आमानं फोन समोर ठेवला, डोळे मिटले, हात जोडले आणि मग एक बटण दाबलं.

“आमा! काय केलंस हे?” युए-लिंग धावली.

“अगं, देवळातून माझूमातेचा आशीर्वाद आला. ‘स्वीकारण्यासाठी १ पाठवा’ म्हणतात. न पाठवून कसं चालेल?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येक ‘१’मागे पैसे कापले जात होते. सापडला चोर!

देवळाचे म्हातारे व्यवस्थापक संदेश वाचून थक्क झाले. “आम्ही? बाळांनो, मला तर फोनवर फोटोही काढता येत नाही!”

दुपारी काका फोन बंद करायला निघाला, तशी सगळी फौज त्याच्यामागे फोनच्या दुकानात. काउंटरवरच्या ताईनं मानही वर केली नाही. “उत्तर तुमच्याच फोनवरून गेलंय. पैसे लागणारच.”

“ताई, या संदेशात पैशांचा एक तरी शब्द दाखवा!” चुन-वेई म्हणाला.

“आणि देऊळ म्हणतंय, हे आमचं नाहीच!” पो-हान टाचा उंचावून ओरडला.

ताईनं संदेश वाचला. पुन्हा वाचला. “अगं बाई! हे माझ्या आईलाही येतात…” तिनं लगेच कंपनीला फोन लावला, तक्रार नोंदवली. ते सगळे पैसे बिलातून वगळले गेले आणि असे पैसे कापणाऱ्या सेवांना आमाच्या फोनची दारं कायमची बंद झाली. फोन मात्र सुरूच राहिला!

काकानं पो-हानच्या डोक्यावर हात ठेवला. “चुकलो रे. न बघताच तुझ्यावर खापर फोडलं. शाबास, तिघंही! चला, बर्फाचा गोळा माझ्याकडून.”

“दोन!” चुन-वेई तत्परतेनं म्हणाला.

घरी आल्यावर आमानं विचारलं, “म्हणजे इतके दिवस मी नमस्कार केला, तो कुणाला गं?”

युए-लिंग तिला बिलगली. “संदेश खोटा होता, आमा. नमस्कार खराच होता. जिथं पोचायचा तिथं पोचला.”

आमा हसली, आणि तिनं नातीच्या दोन्ही गालांचे पापे घेतले.

दुसऱ्या पहाटे आमाच्या फोनवर फंगहूहून गुलाबी कमळ उमललं, तेव्हा पो-हान घोरत होता. युए-लिंगनं चपला हातात घेतल्या, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दार न वाजवता ती देवळाच्या वाटेला लागली.