पंधराशे मीटरवरचा मनोरा

धावपट्टीवर सकाळी सव्वासातला दोनच प्राणी सापडतात — काळवीट आणि मी. त्या दिवशी तिसरा सापडला.

डिसेंबरचं धुकं होतं. मी जीपचा हॉर्न वाजवत काळविटं हाकलत चालले होते, तेवढ्यात पूर्वेच्या टोकाला, कुंपणाच्या आत, एक माणूस उभा दिसला. उंच, करडा स्वेटर, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला लोंबणारा पितळी ओळंबा. मान वर करून तो रिकाम्या आभाळाकडे बघत होता. इतका तल्लीन, की जीप शेजारी थांबली तरी त्याला पत्ता नाही.

"ओ! आत कुठून आलात?"

"कुंपन तुटलंय तिथनं," तो शांतपणे म्हणाला. "तुमी नीट करत न्हाई, त्यात माझी काय चूक?"

असं उत्तर मिळालं की माझं डोकंच फिरतं. पण तो हसला... आणि गालावर एकाच बाजूला खळी पडली. एका बाजूची खळी म्हणजे अर्धवट काम, असं मी स्वतःला बजावलं.

"इथं काय करताय?"

"उंची बघतोय."

"कशाची?"

"जी ऱ्हायली न्हाई तिची. मी सायमन. टेकवाडीचाच, गवंडी हाय. चर्चचा मनोरा किती फुटांचा चालंल, ते तुमच्या हापिसात कळंल म्हनले."

"मनोरा तर आहे की तुमचा. मी नेहमी बघते."

ओळंबा हलायचा थांबला. त्याने तो मुठीत धरला होता.

"कुठला मनोरा?"

"पूर्वेला, पंधराशे मीटरवर. आत्ता निघायच्या आधीसुद्धा बघितला. चौकोनी, काळ्या दगडाचा. या बाजूला कमानीची खिडकी आहे. खिडकीत कधीकधी कुणीतरी बाई उभी असते, पिवळं काहीतरी घालून."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, तो मनोरा इस्टरच्या आधीच उतरवला. तुमच्याच विमानाच्या वाटेत येतो म्हनून. माझ्या आजोबांनी बांधलेला... आन मी सोताच्या हातानं काढलाय."

आता माझं काम सांगते, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. टेकवाडीचा विमानतळ म्हणजे पत्र्याचं टर्मिनल, आगीचा एक बंब, चार बाक आणि आम्ही पाच माणसं. कर्जतच्या पलीकडच्या या माळावर आठवड्यातून तीनदा मुंबईचं एकोणीस सीटचं विमान येतं आणि ऑपरेशनला निघालेली म्हातारी माणसं, परीक्षेची पोरं, डाळिंबाची खोकी घेऊन जातं. मी दया प्रभुदास, राहणार भिंगार, इथली हवामान निरीक्षक. सकाळी गच्चीवर उभं राहायचं, किती लांबचं दिसतंय ते बघायचं आणि वैमानिकाला कळवायचं.

त्यासाठी गच्चीवर एक पाटी आहे. पाण्याची टाकी, आठशे मीटर. चर्चचा मनोरा, पंधराशे. शुगर फॅक्टरीची चिमणी, पाच हजार. हवा स्वच्छ असली की चिमणी दिसते, मग मनोऱ्याकडे बघायची गरजच पडत नाही. धुकं असलं तरच मनोरा शोधायचा. दिसला तर विमान उतरणार, नाही दिसला तर माघारी.

मी सप्टेंबरात रुजू झाले. पाटी मनोरा पाडायच्या आधीची होती आणि ती बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून धुक्याच्या सतरा सकाळी मी नोंदवहीत लिहिलं होतं — मनोरा दिसतो. आणि सतराही वेळा विमान अलगद उतरलं होतं.

सायमनला घेऊन मी धावतच गच्चीवर गेले. धुकं तोवर विरलं होतं. पूर्वेला एक कडुलिंब, शेजारी चर्चचं छप्पर, पलीकडे मोकळं आभाळ. बाकी काही नाही. मला भीती वाटली, खरंच वाटली. जिना उतरताना त्याने हात पुढे केला आणि मी तो मुकाट्याने धरला.

आमचे प्रमुख गोरक्षनाथ सर. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग नोंदवहीत. "वर मी कळवतो. तुम्ही डोळे तपासून घ्या आणि पंधराशेवर नवीन खूण शोधा. टेपने मोजून. आणि खूण अशी शोधा मॅडम, की जी आहे!"

डोळे तपासले. नंबर निघाला नाही.

टेप सायमनने आणली. पन्नास मीटरची, गवंड्याची. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. टर्मिनलपासून पूर्वेकडे, कडुलिंबापर्यंत तीस वेळा. प्रत्येक वेळी तो पुढे जायचा, टेप ताणायचा, मी खूण करायची आणि चालत त्याच्यापर्यंत पोचायची.

पाचव्या टेपेला तो म्हणाला, "ह्या पिवळ्या जाकिटात तुमी हळदीच्या नवरीवानी दिसता."

"ड्यूटीचं आहे ते."

"मी कुठं काय म्हनलं? रंग सांगितला."

अकराव्या टेपेला कळलं की त्याला बोरं आवडतात. सतराव्या टेपेला त्याने खिशातून ती काढली आणि सगळ्यांत पिकलेली मला दिली. तेविसाव्या टेपेला त्याचा आवाज उतरला.

"किती फुटांची परवानगी हाय?"

"एकोणतीस."

"आधीचा पंचावन्न हुता. चर्चची मंडळी म्हनते, ठेंगना मनोरा कशाला? नकोच त्यापेक्षा. रविवारी उपासनेला गेलो की लोक आधी मोकळ्या आभाळाकडं बघत्यात आन मग माझ्याकडं. कुनी काय बोलत न्हाई. बोलले असते तर बरं..." त्याने टेप सोडली. "मी कतारला चाललोय. नऊ जानेवारीला. तुमच्याच विमानानं."

टेप सरसर माझ्या हातात येऊन गुंडाळली गेली. उरलेल्या सात टेपा मी नुसते आकडे मोजत चालले.

कडुलिंब बरोबर तिसाव्या टेपेला आला. शेजारीच चर्च, आणि चर्चला लागून मनोऱ्याचा नुसता चौथरा. भोवती काळे चिरे रचलेले, प्रत्येकावर लाल रंगात आकडा. उतरवताना त्याने एकेक दगड नोंदला होता. मी चौथऱ्यावर चढले आणि थबकले.

"सायमन... काम चालू आहे का इथं?"

"न्हाई. का?"

"ओल्या चुन्याचा वास येतोय."

तोही वर आला. त्याने श्वास ओढला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला विचारायचं धाडस झालं नाही. इस्टरपासून तिथे चुन्याचं एक घमेलंसुद्धा आलं नव्हतं. वास मात्र ताजा होता, आत्ताच कुणी थापी मारून हात धुवायला गेलंय असा.

पाटी बदलली. मनोऱ्याच्या नावावर रंग मारला, कडुलिंब लिहिला. मी वहीत कडुलिंबच नोंदवायचे. पण धुकं पडलं की त्याच्या शेजारी, शेंड्याच्याही थोडा वर, मनोरा उभाच असायचा. काळा, गप्प. सायमन तीन सकाळी माझ्याशेजारी उभा राहिला. त्याला काहीही दिसलं नाही. मग तो सकाळी फोन करायला लागला.

"आज?"

"आहे."

"खिडकीत?"

"आहे ती. काय रे, सगळं सोडून त्या बाईचीच चौकशी? जुन्या मनोऱ्यात कोण होतं असं?"

"नंतर सांगतो," तो म्हणायचा आणि विषय बदलायचा. बोरं, चहा, माझा घसा बसलाय का, स्वेटर घातलास का... 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मला एवढंच कळत होतं की नाताळ झाला, आता दिवस थोडे उरले, आणि मी त्या माणसाच्या प्रेमात पडले आहे.

नऊ जानेवारी. सकाळी आठ. धुकं असं, की खालचा बंबसुद्धा अर्धाच दिसत होता. खाली बाकावर सायमन बसला होता, पायाशी बॅग. सकाळपासून तो वर आला नव्हता. मीही बोलावलं नव्हतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी रेडिओ खरखरला. "टेकवाडी, दृश्यमानता सांगा."

मी पूर्वेकडे बघितलं. टाकी आता कुठे दिसायला लागली होती. कडुलिंब... नव्हता. विमान घिरट्या घालायला लागलं, त्याचा आवाज डोक्यावर गोल फिरत होता. वैमानिकाने सांगितलं, वीस मिनिटं थांबतो, नाहीतर माघारी. माघारी म्हणजे सायमनचं मुंबईहून पुढचं विमान चुकणार. मी देवाचं नाव घेतलं आणि काय मागायचं तेच मला सुचेना.

अठराव्या मिनिटाला धुक्यात एक डाग आला. डागाला फांद्या फुटल्या. फिकट, पण कडुलिंबच.

गच्चीवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. 'नाही दिसत' म्हटलं असतं तर खरंखोटं करायला कोण येणार होतं? शब्द अगदी ओठांवर होता. रेडिओचं बटण माझ्या बोटाखालून दोनदा सुटलं.

"टेकवाडी, काय परिस्थिती?"

"दृश्यमानता पंधराशे," मी म्हणाले. "उतरा."

विमान उतरलं. मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण रडताना माझं नाक लाल होतं आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली.

"कडुलिंब दिसला?"

"दिसला."

"न्हाई म्हनता आलं असतं."

"आलं असतं." मी वळले, नाकासकट. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं, सायमन. फार वाटतं. पण खोटं बोलून थांबवलेला माणूस मला नको. उद्या त्याच्याकडे बघताना माझीच मान खाली जायची."

त्याने पूर्वेकडे बघितलं. खळीही पडली नाही. मग हळूच म्हणाला, "आन मनोरा?"

"तोही आहे. रोजच्यासारखा."

"आज पन?" त्याचा आवाज विचित्र झाला. "नीट बघ, दया. मी तिकीट काढलंय, बॅग भरली, खाली येऊन बसलोय. तरी बी हाय?"

"आहे म्हणते ना!"

तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. माझी नजर होती तिथेच त्याने नजर लावली. काही क्षण नुसतं धुकं... आणि मग तो एकदम पुढे झुकला. त्याला दिसला होता. त्याने खिशातून ओळंबा काढला, एक डोळा मिटला, दोरी हातभर पुढे धरली. पितळी गोळा स्थिर झाला.

"सरळ हाय," तो पुटपुटला. "बांधनारा चांगला गवंडी दिसतोय."

"तुझे आजोबा."

"न्हाई." त्याने ओळंबा खाली घेतला. "आजोबांच्या मनोऱ्याला ह्या अंगाला खिडकीच नव्हती. आन तो पंचावन्न फुटांचा. ह्यो बघ, कडुलिंबाच्या किंचित वर. एकोनतीस भरंल. दया, ही खिडकी माझ्या वहीत हाय. उन्हाळ्यात काढलीया, कुनालाच दाखवली न्हाई. तू पहिल्या दिवशी खिडकी म्हनलीस, तवाच माझी बोबडी वळली. हा मनोरा पाडलेला न्हाई. मी अजून बांधलाच न्हाई तो."

डिसेंबरपासून मी गेलेल्या मनोऱ्याला घाबरत होते, आणि तो तर यायचा होता!

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, मी जायला निघालो की तो बी जाईल. आज बघायचं हुतं." आता खळी पडली. "मी ऱ्हानार, हे त्याला माझ्या आधी ठाऊक हाय."

"आणि मंडळी? त्यांना ठेंगणा नकोय ना?"

"पटवीन. चिरे तेच, आकडे तेच, नुसते कमी लागतील. संगं एखादी विमानतळवाली आली, तर लवकर पटंल." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लग्नानंतर आली तर अजून लवकर."

"हे विचारणं झालं का सांगणं?"

"विचारनं. हात बघ, कसा कापतोय."

मी तो हात धरला. जिना उतरताना धरला होता तोच.

खालून गोरक्षनाथ सरांचा भोंगा ओरडला, "प्रवासी सायमन जेम्स साळवे! शेवटची सूचना! विमानात बसून घ्या!" सायमनने गच्चीवरून वाकून सांगितलं की साळवे येत नाहीत, त्यांना बांधकाम निघालंय. मग विमानाचं दार लागलं, पंखे फिरले, आणि एक सीट रिकामी घेऊन ते धुक्यात वर गेलं.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. इतके दिवस मला ते धाडस झालं नव्हतं. काळे चिरे, कमान, खिडकी. खिडकीतली बाई आज स्पष्ट दिसली. तिच्या अंगात आमच्या ड्यूटीचं पिवळं जाकीट होतं. तिच्या खांद्याशी करड्या स्वेटरातला एक उंच माणूस उभा होता. दोघं विमानतळाकडे बघत होते. आमच्याकडेच.

तिने हात वर केला.

मी दुर्बीण सायमनच्या हातात दिली आणि मग माझा हात वर केला.