शब्द दिला, तारीख नाही

कंडक्टरबाईंना त्या डायलिसिस सेंटरात कुणी नावाने हाक मारली नाही. बत्तीस वर्षं बसमध्ये घंटी वाजवून निवृत्त झालेली बाई, आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचेल असा, म्हणून कंडक्टरबाई. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला यायचं, वजनकाट्यावर उभं राहायचं आणि पाच नंबरच्या खुर्चीत बसायचं. उजव्या हातात दोन सुया. मग चार तास अंगातलं रक्त नळीतून बाहेर जायचं, यंत्रात धुऊन परत आत यायचं. किडन्यांनी हात वर केले की हे ओघानं आलंच.

बाकीचे पेशंट झोपायचे, नाहीतर एकमेकांना रिपोर्ट वाचून दाखवायचे. बाईंना दोन्हीचा कंटाळा. त्यांनी सरळ हातात धरून खेळायचा गेम घेतला. सून म्हणाली, "आई, हे लहान मुलांचं असतं."

"मग मोठं होऊन मला काय मिळालं ते सांग," बाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

अडचण एकच होती. गेमला दोन हात लागतात. डावीकडच्या बटणाने माणूस चालवायचा, उजवीकडच्या बटणाने उडी मारायची. बाईंचा उजवा हात तर सुईला बांधलेला. पण त्यांच्या डाव्या अंगाला, सहा नंबरच्या खुर्चीत, मास्तर असायचे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, बोलायला मऊ. त्यांची सुई डाव्या हातात, उजवा मोकळा. मग दोन खुर्च्यांच्या मध्ये ट्रेवर गेम ठेवायचा. डावीकडून मास्तर माणूस चालवणार, उजवीकडून बाई उडी मारणार.

"तुम्ही ड्रायव्हर, मी कंडक्टर," बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. माझ्या डबल बेलशिवाय गाडी सुटायची नाही."

मास्तर हसले. गेमही तसाच होता म्हणा. एक कंदीलवाला माणूस गुहेमागून गुहा पार करत जातो. उजवीकडचं बटण एकदा दाबलं की उडी, दोनदा दाबलं की दार उघडतं. दीड वर्ष दोघांनी त्याला पाडत, उठवत पुढे नेलं. एका शनिवारी शेवटची गुहा लागली. टोकाला काळं दार दिसलं, जेमतेम वीस पावलांवर. तेवढ्यात सिस्टर सुया काढायला आल्या.

"जाऊन उघडू या का पटकन?" मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांचा चेहरा फार पांढरा होता.

"घाईत नको. मंगळवारी. पण दोघं असू तेव्हाच. मी एकटी उघडणार नाही, तुम्हीही माझ्याशिवाय जायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

मंगळवारी सहा नंबरची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर नवी चादर घातली होती.

"त्यांची शिफ्ट बदलली," सिस्टर म्हणाल्या आणि ट्यूब तपासायला खाली वाकल्या. त्या सेंटरात असंच म्हणायची पद्धत होती. कुणी गेलं म्हणून सांगायचं नाही, बाकीच्यांचा धीर सुटतो. बाईंनी तीन वर्षांत चार शिफ्टी बदललेल्या पाहिल्या होत्या. तोंडावर पांघरूण ओढून त्या मनसोक्त रडल्या.

गुरुवारी त्यांनी गेम बाहेर काढला. एका हाताने काय खेळणार, पण मास्तरांची आठवण म्हणून ट्रेवर ठेवला. पडदे ओढलेले होते. यंत्रांची घरघर चालू होती, खोलीत स्पिरिटचा वास होता. कंदीलवाला शनिवारी सोडला तिथेच उभा होता.

आणि मग तो चालायला लागला.

बाईंनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग डावीकडच्या बटणाकडे. ते बटण आत दबलेलं होतं. वर कुणाचा अंगठा नव्हता. कंदीलवाला एक पाऊल टाकी, थांबे, परत एक पाऊल टाकी. मास्तर असेच चालवायचे, जपून. सात पावलं झाली तेव्हा बाईंचे कान बंद झाले, पायांतून गारठा वर चढला आणि त्यांचं यंत्र टुंटुं करून ओरडायला लागलं. सिस्टर धावत आल्या, खुर्चीची पाठ मागे पाडून त्यांनी बाईंचे पाय वर केले, सलाईन सोडलं.

"बीपी एकदम कसं पडलं हो तुमचं? खाऊन आला नव्हता का?"

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. कंदीलवाला थांबला होता.

शनिवारी आणखी सात पावलं झाली आणि पुन्हा सलाईन लागलं. सिस्टर वैतागल्या. "तो गेम आधी टाकून द्या बघू. डोळ्यांवर ताण येतो, त्यानेच होतंय."

"माझी वस्तू आहे. मी का टाकू?" बाई म्हणाल्या. मनात वेगळंच होतं. टाकला, कपाटात ठेवला, तर तो तिकडे चालतच राहील, आणि आपल्याला कळणारही नाही. समोर असलेला बरा.

मंगळवारी शेवटची पावलं पडली. कंदीलवाला दारापाशी पोचला आणि बाईंकडे तोंड करून उभा राहिला. वाट पाहत. बाईंच्या कानांत आपलंच रक्त धपधप वाजत होतं. सहा नंबरच्या खुर्चीची चादर मधोमध दबलेली दिसत होती. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण बत्तीस वर्षं भरल्या गाडीत उभं राहिलेली बाई ती. भीती वाटली की तिला आधी राग यायचा.

"मास्तर..." त्या हळू म्हणाल्या. "मी शब्द दिला होता. खरं आहे..."

डावीकडचं बटण किंचित दबलं.

"पण शब्द दिला होता. तारीख नव्हती दिली."

यंत्राची घरघर मंदावल्यासारखी झाली.

"तुम्ही चांगले होता, मला तुमची आठवण येते. पण मला अजून जगायचंय. का म्हणून विचारू नका, कारण कशाला लागतंय? गाडी उभी ठेवायची असेल तर ठेवा. बेल माझ्याकडे आहे."

त्यांनी उजवीकडचं बटण दाबलं. एकदाच. कंदीलवाल्याने जागच्या जागी उडी मारली. एक बेल, म्हणजे थांबा.

डावीकडचं बटण सावकाश वर आलं. कानांतला आवाज ओसरला. सिस्टरांनी बीपी घेतलं, ते नेहमीइतकं होतं. बाईंना हसू फुटलं. जिंकलोच की आपण, असं त्यांना वाटलं.

सुया निघाल्या. बाई मोकळा झालेला उजवा हात चोळत बसल्या. सुई निघाली की हात कसा हलका होतो, असं मनात आलं आणि त्या चोळता चोळता थांबल्या. मास्तरांचा डावा हात चार-चार तास बांधलेला असायचा, म्हणून बेल बाईंकडे होती. आता त्यांना कोण सुई लावणार? आता त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

त्यांनी पाहिलं. उजवीकडचं बटण हळूहळू खाली जात होतं.

बाईंनी पर्स उघडली. जुन्या सवयीने त्यात कोऱ्या तिकिटांचं एक बुक पडलेलं असायचं. एक तिकीट टरकावून त्यांनी घडी घातली आणि बटणाखालच्या फटीत घट्ट खुपसली. बटण अडलं. दोन-तीनदा थरथरलं आणि तसंच राहिलं.

"बिनतिकिटाचं कुणी माझ्या गाडीत शिरत नाही," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी घडी तिथेच होती. त्यांनी ती काढून उलगडली. तिकिटाला पंच मारलेला होता. गोल, स्वच्छ भोक, सराईत हाताचं. बाईंचं पंच मशीन निवृत्तीच्या दिवशीच डेपोत जमा झालं होतं.

त्यांनी ते तिकीट चुरगाळून फेकलं, नवं टरकावून खुपसलं. शनिवारी त्यालाही भोक होतं. त्यांनी आणखी एक खुपसलं.

अजून त्यांचं तसंच चाललंय. बीपी उत्तम, वजन बरोबर. सहा नंबरवरच्या नव्या पेशंटने परवा विचारलं, "गेम नुसताच समोर ठेवून बसता, खेळत का नाही?"

"खेळतेच आहे की," बाई म्हणाल्या.

बुकात किती तिकिटं उरली, ते त्या मोजत नाहीत. पण बत्तीस वर्षं बुक हाताळलेल्या माणसाला मोजावं लागत नाही. अंगठ्याला कळतं.